टॉर्नेडो गेल्यानंतरचं वर्ष: अलाबामात नेमकं काय होतं आणि काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही नवरा-बायको आणि पाच वर्षांची मुलगी न्यूजर्सीहून हंट्सविलजवळ मॅडिसनला आलात, घर घेतलंत, दोघंही एच-वन-बी वर्क व्हिसावर, मुलगी न्यूजर्सीत जन्मलेली, आणि इथे आल्यापासून सगळे जण टॉर्नेडो आला की कुठे लपायचं तेच सांगतात, पण तो येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवसापासून काय करायचं ते कुणीच सांगत नाही. खरंय, कुणीच सांगत नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, वादळात पडलेली आणि अर्धवट उभी राहिलेली घरं तपासणं हे माझं काम. २०११ ला अलाबामात केलं, डिसेंबर २०२१ नंतर केंटकीत मेफिल्डच्या बाजूला केलं, आणि त्या निमित्ताने घरमालकांबरोबर इन्शुरन्सवाले, फेमावाले (फेमा म्हणजे केंद्र सरकारची आपत्तीत मदत करणारी संस्था), कॉन्ट्रॅक्टर या सगळ्यांसमोर भरपूर बसलेय. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी माझं मुख्य म्हणणं सांगते म्हणजे पुढचं सगळं त्याच्याशी जोडून वाचता येईल. वादळ काही मिनिटांत जातं, घर परत उभं राहायला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं, आणि त्या काळात लोकांचं जे नुकसान होतं त्यातलं बरंचसं वाऱ्याने केलेलं नसतं, पहिल्या दोन आठवड्यांत झोप नसलेल्या डोक्याने केलेल्या सह्यांनी केलेलं असतं. त्या दोन आठवड्यांत काय घाईने करायचं आणि काय मुद्दाम लांबवायचं एवढं जरी आधी माहीत असलं तरी खूप फरक पडतो.

आणि एकटा टॉर्नेडो वेगळा, आउटब्रेक वेगळा. एकट्या टॉर्नेडोत एका गावाचा एक पट्टा जातो, शेजारचं गाव शाबूत असतं, मदत तासाभरात येते. आउटब्रेकमध्ये अख्खा प्रदेश एकाच दिवशी पडतो. २७ एप्रिल २०११ ला एकट्या अलाबामात ६२ टॉर्नेडो झाले, २५ ते २८ एप्रिल मिळून सगळीकडचे साडेतीनशेच्या वर, आणि माणसं गेली तीनशेहून जास्त, त्यातली दोनशेहून जास्त अलाबामातली. हॅकलबर्ग आणि फिल कॅम्पबेल ही गावं ज्याच्या वाटेत आली तो ईएफ-५ (टॉर्नेडोच्या ताकदीची सगळ्यात वरची पायरी) शंभराहून जास्त मैल जमिनीवर चालत राहिला, त्याच्या शेपटाने आपल्या इथलं हार्वेस्टचं अँडरसन हिल्स घेतलं (तीच वस्ती १९९५ लाही सापडली होती). टस्कलूसामध्ये तर काउंटीचं इमर्जन्सी मॅनेजमेंटचं ऑफिस आणि शहराच्या कचरा उचलायच्या गाड्याच वादळात गेल्या, म्हणजे ज्यांनी मदतीला यायचं तेच उघड्यावर. त्या दिवशी पहाटेच वादळांची एक फेरी येऊन गेली होती, तिने लाइट घालवली, वेदर रेडिओचे काही ट्रान्समीटर बंद पाडले, त्यामुळे दुपारी जे खरं मोठं आलं त्याची वॉर्निंग बऱ्याच जणांपर्यंत पोचलीच नाही. घरात बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ ठेवा म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागते ते यासाठी.

हंट्सविल शहरावर त्या दिवशी मोठा टॉर्नेडो आला नाही. पण टीव्हीएचे (इथली सरकारी वीज कंपनी) शेकडो ट्रान्समिशन टॉवर आणि खांब आडवे झाले, ब्राउन्स फेरीच्या अणुवीज केंद्राला बाहेरून येणारी वीज तुटली आणि तिन्ही रिॲक्टर आपोआप बंद झाले, आतली यंत्रणा डिझेल जनरेटरवर चालवायला लागली, आणि सगळं मॅडिसन काउंटी जवळजवळ आठवडाभर अंधारात. पेट्रोल पंप बंद कारण पंपाला वीज लागते, एटीएम बंद, कार्ड चालत नाही, दुकानवाले दारात उभे राहून रोख पैसे घेऊन टॉर्चच्या उजेडात सामान देत होते, अंधार पडला की कर्फ्यू. लोक पेट्रोलसाठी टेनेसीपर्यंत गेले. हे मुद्दाम सांगतेय कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांना वाटतं आपल्या घरावर आला नाही म्हणजे सुटलो. प्रदेशच पडला की सगळ्यांनाच भोगायला लागतं. म्हणून मार्च उजाडला की गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, घरात पाच-दहा-वीसच्या नोटा ठेवा (शंभराची नोट घेऊन त्या दिवशी कुणी सुटे देत नाही), आणि भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांची औषधं नि प्रिस्क्रिप्शनची कॉपी वेगळ्या पिशवीत. इन्सुलिन असेल तर थर्मास आणि बर्फाच्या पॅकची सोय आधीच करून ठेवा.

आता समजा घराला फटका बसलाय आणि तुम्ही बाहेर आलात. पहिले काही तास फक्त शरीर सांभाळायचं, वस्तू नाही. वादळात जेवढे जखमी होतात त्यात नंतर ढिगाऱ्यात शिरून जखमी होणारे भरपूर असतात, खिळ्यावर पाय, काच, मागून सरकलेली भिंत. म्हणून लपायच्या जागेतच प्रत्येकाचे जाड तळाचे बूट आणि हेल्मेट ठेवा, सायकलचं हेल्मेट चालतं, मुलीचं तर नक्की ठेवा. गॅसचा वास आला तर लाइटचं बटण दाबू नका, काडी ओढू नका, सरळ लांब जा. पडलेली तार मेलेली आहे असं कधीही धरू नका. जखम छोटी असली तरी धुऊन डॉक्टरला दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवा. मे २०११ मध्ये मिझुरीतल्या जॉप्लिनच्या टॉर्नेडोनंतर १३ जखमींना माती-लाकडाच्या घाणीतून म्युकरमायकोसिस झाला आणि त्यातले ५ दगावले. कोविडमध्ये महाराष्ट्राने हा बुरशीचा आजार जवळून पाहिलाय, त्यामुळे यावर जास्त समजावायला नको.

जनरेटर घरात नाही, गॅरेजमध्ये नाही, खिडकीखाली नाही, घरापासून किमान वीस फूट लांब. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वादळातून वाचलेलं कुटुंब नंतर जनरेटरने जातं असं प्रत्येक मोठ्या वादळानंतर कुठे ना कुठे होतंच. तो भिंतीतल्या सॉकेटला उलटा जोडायचा तर विचारही करू नका, तुमची वीज तारेतून उलटी जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो.

घराच्या दारावर किंवा भिंतीवर स्प्रे पेंटने मोठी फुली मारलेली दिसेल, घाबरू नका. शोधपथकाची खूण असते ती. डावीकडे पथकाचं नाव, वर तारीख आणि वेळ, उजवीकडे आत काय धोका आहे ते, खाली किती माणसं सापडली. खाली शून्य असेल तर घर बघून झालंय आणि आत कुणी नव्हतं. ती फुली लगेच पुसू नका, फोटो काढा, क्लेममध्येही उपयोगी पडते.

त्यानंतर पंचनामा. आपल्याकडे पूर आला की तलाठी येऊन पंचनामा करतो, २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आपण सगळ्यांनी ते बघितलंय. इथे तलाठी येत नाही, पंचनामा तुमचा तुम्हीच करायचा, आणि पुढचे सगळे पैसे त्या पंचनाम्यावर मिळतात. काहीही हलवायच्या आधी फोनवर व्हिडिओ घ्या, घराच्या चारही बाजू बाहेरून, मग खोलीमागून खोली, हळू, बोलत बोलत, "हा बेडरूम, छत इथे उघडलंय, गादी भिजलीय, कपाटात हे हे होतं". फ्रिज, टीव्ही, एसी, वॉटर हीटर यांच्या मागचं मॉडेल नंबरचं लेबल जवळून टिपा. ओलं कार्पेट फेकावंच लागतं पण हातभर तुकडा कापून पिशवीत ठेवा, लाकडी फ्लोरिंगची एक पट्टी ठेवा, कारण ॲडजस्टर (इन्शुरन्स कंपनीचा नुकसान मोजणारा माणूस) तीन आठवड्यांनी येऊन विचारतो की कुठल्या दर्जाचं होतं. ज्यांचं काहीच राहत नाही त्यांनी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर गेलेले जुने फोटो मागवा, वाढदिवसाच्या, गणपतीच्या फोटोत मागे अख्खं घर दिसत असतं. माझ्या पाहण्यातल्या एका कुटुंबाने दिवाळीच्या फोटोंवरून दिवाणखान्याची पूर्ण यादी केली आणि ती मान्य झाली.

कागदपत्रं आजच स्कॅन करून क्लाउडवर टाका. पासपोर्ट, व्हिसा, आय-७९७ (व्हिसा पिटिशन मंजूर झाल्याची नोटीस), मुलीचा बर्थ सर्टिफिकेट, घराची डीड, पॉलिसीची सगळी पानं. २०११ ला फिल कॅम्पबेलमधला एक फोटो दोनशेहून जास्त मैलांवर पूर्व टेनेसीत सापडला, लोकांनी फेसबुकवर पान काढून हजारो फोटो आणि कागद ज्याचे त्याला पोचवले, फार मोठं काम होतं ते. पण पासपोर्ट तसा परत यायची वाट बघत बसता येत नाही, आणि कॉपी हातात असली की अटलांटाच्या भारतीय कॉन्सुलेटकडून नवा काढणं पुष्कळ सोपं जातं.

इन्शुरन्स. इथे जरा थांबून बोलते कारण सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत टॉर्नेडोचा वारा धरलेला असतो, पुराचं पाणी नसतं. गाडी कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये येते, नुसत्या लायबिलिटीत नाही. डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये आधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम, बघा, बऱ्याच पॉलिसींत वारा-गारांचं वेगळं असतं आणि ते टक्क्यात असतं. घराचं कव्हर ४ लाख डॉलर आणि वाऱ्याचं डिडक्टिबल २ टक्के म्हणजे पहिले ८,००० डॉलर तुमच्या खिशातून, लोकांना वाटत असतं हजार. मग रिप्लेसमेंट कॉस्ट (नवं करायला लागेल ती किंमत) की ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू (जुन्या वस्तूची आजची किंमत) ते बघा. दुसऱ्या प्रकारात छप्पर जुनं झालं म्हणून घसारा कापतात, २०,००० चं छप्पर अर्धं आयुष्य झालेलं असेल तर १०,००० धरतात, त्यातून वर डिडक्टिबल, हातात येतं ते बघून माणूस खालीच बसतो. पहिल्या प्रकारातही आधी घसारा कापूनच चेक येतो, काम पूर्ण करून बिलं दिली की उरलेले देतात, पण त्याला मुदत असते आणि आउटब्रेकनंतर कॉन्ट्रॅक्टरच मिळत नाही म्हणून ती मुदत निघून जाते. तेव्हा मुदतवाढ लेखी मागा, ईमेलवर, संपायच्या आधी. फोनवर कुणी काय सांगितलं त्याला नंतर अर्थ राहत नाही. एक वही करा, प्रत्येक कॉलची तारीख, माणसाचं नाव, काय म्हणाला ते, आणि कॉल झाला की तेच दोन ओळींत ईमेल करा.

राहायचा खर्चही पॉलिसी देते, हॉटेल, भाड्याचं घर, लाँड्री, वाढलेला प्रवास, नेहमीपेक्षा जेवढा जास्त होईल तेवढा. पावती मात्र प्रत्येक गोष्टीची. याला वरची मर्यादा असते, रकमेची किंवा महिन्यांची, आणि पुन्हा तेच, प्रदेशच पडलेला असला की भाड्याची घरं नाहीत, असतात ती महाग, आणि बांधकामाला उशीर होतो म्हणून ही मर्यादा घर तयार व्हायच्या आधी संपू शकते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सगळ्यात महाग हॉटेल पकडून बसू नका. बांधकामाचे भावही चढतात, सगळ्यांना एकदम सुतार, प्लायवूड, शिंगल्स लागतात. आत्ता, काही झालेलं नसताना, एजंटला विचारा की कव्हरच्या वर २०-२५ टक्के वाढीव मिळतं का, आणि नव्या बिल्डिंग कोडप्रमाणे बांधायचा जादा खर्च धरलाय का. वर्षाला थोडेच जास्त पडतात. अजून एक, मॉर्गेज असेल तर मोठा चेक तुमच्या आणि बँकेच्या अशा दोघांच्या नावाने येतो, बँक तो धरून ठेवते आणि काम होईल तसतसे टप्प्याने सोडते, त्यामुळे पैसे आले म्हणजे हातात आले असं समजून कॉन्ट्रॅक्टरला तारखा देऊ नका. हप्ते बंद करू नका, बँकेला फोन करून सवलत मागा, आपत्ती जाहीर झाली की बहुतेक देतात.

घाईने करायचं ते एवढंच: छपरावर टार्प (ताडपत्री), पाणी बंद, गॅस बंद, क्लेमचा नंबर. टार्प लगेच टाका, कारण ओल्या ड्रायवॉलला चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरायला लागते आणि आणखी नुकसान होऊ न देणं ही पॉलिसीने तुमच्यावरच टाकलेली जबाबदारी असते, टार्पचा खर्च ते देतात. बाकी सगळं हळू.

आणि हळू म्हणजे खास करून कॉन्ट्रॅक्टर. वादळानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेरच्या राज्याच्या नंबर प्लेटचे ट्रक गल्लीत फिरायला लागतात, माणूस गोड बोलतो, छपरावर चढून फोटो दाखवतो, टॅबलेट पुढे करतो, "फक्त तपासणीच्या परवानगीची सही". ती बऱ्याचदा परवानगी नसते, काम त्यालाच द्यायचा करार असतो, कधी क्लेमचे हक्कच लिहून दिलेले असतात. वाचल्याशिवाय सही नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच नाही, घरी, म्हणजे जिथे राहत असाल तिथे नेऊन एक रात्र ठेवा. अलाबामात दहा हजार डॉलरच्या वरच्या घरकामाला (छपराचं काम असेल तर त्याहून कमी रकमेलाही) राज्याच्या होम बिल्डर्स बोर्डाचं लायसन्स लागतं, नंबर मागा आणि बोर्डाच्या साइटवर तपासा. मोठा ॲडव्हान्स देऊ नका. प्रत्येक टप्प्याचे पैसे देताना सब-कॉन्ट्रॅक्टर आणि माल देणाऱ्यांचं पैसे मिळाल्याचं लेखी घ्या, नाहीतर मुख्य माणूस पैसे घेऊन गेला की लाकूडवाला तुमच्या घरावर बोजा चढवतो. आणि जो म्हणतो डिडक्टिबल मी भरतो, त्याला दारातूनच परत पाठवा.

याच्या उलट, पिवळ्या टीशर्टमधले लोक करवती घेऊन आले तर येऊ द्या. ते सदर्न बॅप्टिस्टचे स्वयंसेवक, नारिंगी टीशर्टवाले समॅरिटन्स पर्सचे. पैसे घेत नाहीत. काम झाल्यावर प्रार्थना करू का विचारतात, नको म्हटलं तरी तेवढ्याच प्रेमाने झाड कापून देतात. आपले काही लोक संकोचून नाही म्हणतात आणि मग तेच झाड काढायला भरमसाट पैसे मोजतात. त्यांच्या कामाच्या तासांची नोंद होऊ द्या, कारण फेमाच्या खर्चात गावाला जो स्थानिक वाटा भरायचा असतो त्यात ते तास धरता येतात, म्हणजे तुमच्या अंगणातल्या कामाने गावाचाही पैसा वाचतो.

कचरा रस्त्याच्या कडेला आणायचा, फूटपाथच्या पट्टीत, वेगवेगळे ढीग करून, झाडं वेगळी, बांधकामाचा माल वेगळा, फ्रिज-वॉशर वेगळे, रंग-केमिकल वेगळे. एकत्र केलात तर गाडी उचलत नाही आणि पुढच्या फेरीची वाट बघावी लागते.

आता तुमचा एच-वन-बीचा प्रश्न. फेमाची रोख मदत सिटिझन, ग्रीन कार्डवाले आणि काही ठरावीक गटांनाच मिळते, एच-वन-बी त्यात येत नाही. पण घरात सिटिझन मूल असेल आणि त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर असेल तर आई किंवा बाबा त्या मुलाच्या वतीने अर्ज करू शकतात. म्हणजे तुमची मुलगी न्यूजर्सीत जन्मली असल्यामुळे तुम्हाला हा रस्ता खुला आहे, तो बंद आहे असं समजून सोडून देऊ नका, आपल्यातले पुष्कळ जण तसंच सोडतात. शेल्टर, पाणी, जेवण, समुपदेशन ही तातडीची मदत सगळ्यांनाच असते, व्हिसा विचारत नाहीत, व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांनाही मिळते. तुमच्या काउंटीला वैयक्तिक मदत जाहीर झालीय का बघा, जाहीर झाल्यापासून साठ दिवसांत अर्ज, नंबर ८००-६२१-३३६२. आणि पहिलं पत्र नकाराचं आलं तर खचू नका, ते बऱ्याचदा फक्त "इन्शुरन्सचं पत्र जोडलेलं नाही" एवढ्यासाठीच असतं, कागद जोडून साठ दिवसांत अपील करा. फेमाची रक्कम घर बांधून देत नाही हेही लक्षात असू द्या, २०११ ला जास्तीत जास्त मर्यादाच ३०,२०० डॉलर होती आणि प्रत्यक्षात बहुतेकांना त्याच्या बरंच खाली मिळायचं. फेमाचा इन्स्पेक्टर कधीही पैसे मागत नाही, मागितले तर तो फेमाचा नाही.

दुसरीकडे राहायला गेलात की दहा दिवसांत यूएससीआयएसला, म्हणजे इमिग्रेशन खात्याला, एआर-११ फॉर्म भरून पत्ता कळवायचा, वादळ झालं म्हणून ते माफ नसतं. ऑफिसच पडलं आणि कंपनीने दुसऱ्या शहरातून काम करायला सांगितलं तर आधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाकडून लेखी घ्या, कामाची जागा बदलली की कधीकधी पिटिशन सुधारावी लागते.

घर उभं आहे म्हणजे ठीक आहे असं नाही. मी आत शिरायच्या आधी काय बघते ते सांगते, तुम्हीही लांबून बघू शकता. छपराची वरची रेष सरळ आहे की मध्ये बसलीय. विटांची भिंत फुगलीय का, कारण इथे वीट बहुतेक घरांत नुसतं आवरण असते, पातळ पट्ट्यांनी लाकडी सांगाड्याला धरलेली, पट्ट्या सुटल्या की ती एक दिवस तशीच कोसळते. चिमणी घरापासून सुटलीय का. दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा, दार पूर्वी नीट लागायचं आणि आता घासतंय, म्हणजे सगळं घर तिरपं झालंय, बाहेरून रंगसुद्धा उडालेला नसला तरी. खाली पायावरची लाकडी पट्टी जागेवर आहे की इंचभर सरकलीय. यातलं काही असलं तर आत झोपू नका, आणि इन्शुरन्सच्या ॲडजस्टरने "कॉस्मेटिक" लिहिलं तरी स्वतःच्या खर्चाने लायसन्सवाल्या इंजिनियरचा रिपोर्ट घ्या. ॲडजस्टर इंजिनियर नसतो. त्या रिपोर्टवर क्लेम पुन्हा उघडलेला मी बरेचदा पाहिलाय.

मुलीबद्दल विचारलंय. सुरुवातीला मुलं शांत असतात, आईबाप म्हणतात बघा किती समजूतदार, आणि मग पुढच्या वसंतात नुसता वारा सुटला तरी बाथटबमध्ये जाऊन बसतात. महिन्याची सायरनची टेस्ट असते त्या दिवशी शाळेतून फोन येतो. तिला आधी सांगून ठेवा की आज टेस्ट आहे, लपायच्या जागेत तिची स्वतःची पिशवी असू द्या, हेल्मेट, टॉर्च, आवडीचं खेळणं, आणि ती पिशवी तिनेच भरायची. मोठ्यांचंही काही कमी नसतं. ज्यांचं घर वाचलं आणि समोरच्याचं गेलं ते तर बोलतच नाहीत, आपल्यातले पुरुष खास करून, रात्री दोन वाजता फोनवर रडार बघत बसलेले असतात. १-८००-९८५-५९९० हा आपत्तीनंतरच्या मानसिक त्रासासाठीचा चोवीस तासांचा नंबर आहे, फुकट. आणि भारतात आईवडिलांना "सगळं ठीक" सांगायचं असेल तर सांगा, पण मंडळातल्या एका तरी माणसाला खरं सांगून ठेवा, जो तुमच्याबरोबर ॲडजस्टरच्या मीटिंगला बसेल. चार कान असले की ऐकलेलं हरवत नाही.

शेवटचं, पुन्हा बांधताना. २०११ नंतर मी जी छपरं जमिनीवर पडलेली पाहिली त्यातल्या कितीतरी छपरांचे वासे अख्खे होते, लाकूड कुठे मोडलेलंच नव्हतं. वासा भिंतीवर तिरक्या खिळ्यांनी मारलेला असतो, वाऱ्याने उचलला की ते खिळे सरळ उपसून येतात, टोकं चकचकीत, नव्यासारखी, वाशाच्या बुडाला तशीच लटकलेली. पायाचे बोल्ट जागेवर आणि त्यांच्यावर नटच लावलेला नाही असंही दिसायचं. टॉर्नेडोच्या पट्ट्यात सगळीकडे ईएफ-४, ईएफ-५ चा वारा नसतो, बहुतांश भागात बराच कमी असतो, आणि तिथे वासा आणि भिंत जोडणारी काही डॉलरची स्टीलची पट्टी छप्पर वाचवू शकते. म्हणून प्रत्येक वाशाला पट्टी, पायाच्या प्रत्येक बोल्टला वॉशर आणि नट, आणि वाऱ्याच्या रेटिंगचं गॅरेज डोअर, कारण ते आत घुसलं की वारा घरात शिरून छप्पर खालून ढकलतो. जमलं तर ताशी २५० मैलांच्या वाऱ्याला टिकणारी सेफ रूम, गॅरेजच्या कोपऱ्यात बसते. हे सगळं करारात लिहून घ्या, तोंडी नको. आणि ड्रायवॉल लागायच्या आधी एक दिवस स्वतः आत जाऊन प्रत्येक पट्टीचा आणि प्रत्येक नटाचा फोटो काढा. राहिलेली पट्टी त्या दिवशी मिनिटात लागते, भिंत बंद झाल्यावर कुणीच लावत नाही.